कचऱ्याचं शेत कुठाय?

दर सहा डिसेंबरला दादर आमच्या माणसांनी भरून जातं. हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सदाशिवपेठी नाकांना तर जास्तच ठाऊक, कारण सात तारखेला शिवाजी पार्कात किती कचरा झाला यावर त्यांना गळे काढायचे असतात. फक्त सिनेमावाल्यांना ठाऊक नसावं. २०१९ सालच्या सहा डिसेंबरला, शुक्रवारी, ‘पानिपत’ लागला.

मी त्या दिवशी पुस्तकांच्या स्टॉलवर उभा होतो. परभणीकडची एक आजी बाबासाहेबांच्या कॅलेंडरची घासाघीस करत होती. वीसचं पंधराला दे म्हणत होती. शेजारी आमचा एक दोस्त मोबाईलवर ‘पानिपत’चं पोस्टर बघत बसलेला. घोडे, तलवारी, भगवं आभाळ. तो म्हणाला, "बघ साल्यांनी दिवस कसा शोधून काढलाय."

मी म्हणलं, शोधला असता तर बरं झालं असतं. निदान आपण आहोत हे त्यांना माहीत आहे, असं तरी म्हणता आलं असतं. शुक्रवार होता, थेटरं मोकळी होती, लावला. यांच्या कॅलेंडरात आपली तारीख नाही आणि यांच्या इतिहासात आपला माणूस नाही.

पण ‘माणूस नाही’ हे पुरतं खरं नव्हे. याच दिग्दर्शकानं अठरा वर्षं आधी आपला एक माणूस पडद्यावर आणला होता. त्याचं नाव कचरा. त्या कचऱ्याचं पुढं काय झालं, याचा हिशेब मला मांडायचाय.

दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर. मराठी माणूस. ‘लगान’ २००१, ‘जोधा अकबर’ २००८, ‘खेलें हम जी जान से’ २०१०, ‘मोहेंजो दारो’ २०१६, ‘पानिपत’ २०१९. पाचही जुन्या काळाचे. सिंधूच्या काठापासून चितगावपर्यंत, चार हजार वर्षांचा प्रवास. म्हणून त्यालाच विचारायचं. जो इतिहासाला हातच लावत नाही, त्याला काय डोंबल विचारणार?

‘लगान’ आला तेव्हा मी अकरा वर्षांचा. पुढं त्याची सीडी निघाली, तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही भाड्यानं आणून लावला. सगळी वस्ती रस्त्यावर. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्युनिसिपालटीच्या झाडूखात्यात. पहाटेची ड्युटी, रात्री नऊला झोपणारा माणूस. त्या रात्री जागले. कचऱ्यानं लागोपाठ तीन गोरे काढले तेव्हा गल्लीत अशा शिट्ट्या पडल्या की पलीकडच्या बिल्डिंगीत दिवे लागले. मीही नाचलो. खोटं कशाला सांगू? लुळा हात, बोलायची चोरी, गावानं हाड् हाड् केलेला आपला माणूस, आणि साहेबाची दांडी गुल!

सिनेमा संपला. चंपानेर जिंकलं, तीन वर्षांचा लगान माफ झाला, पाऊस पडला. लोक खुर्च्या उचलायला लागले. आप्पांनी बिडी पेटवली आणि म्हणाले, "सगळं खरं रं. पण ह्या कचऱ्याला शेत कुठाय?"

"म्हंजे?"

"म्हंजे लगान माफ झाला तो कुणाचा? ज्याची जमीन, त्याचा. ह्याचं काय माफ झालं?"

मला त्या वयात ते समजलं नाही. बाप नेहमीसारखा रंगाचा बेरंग करतोय, एवढंच वाटलं. पुढं ‘लगान’वर बरंच वाचलं. ऑस्करच्या शेवटच्या पाचांत गेला, साम्राज्यशाहीला बॅटनं उत्तर दिलं, वगैरे वगैरे. पण हा सवाल झाडूखात्यातल्या माणसाइतका सरळ कुणी विचारलेला मला दिसला नाही.

पैज काय होती आठवा. गाव जिंकलं तर सगळ्या मुलखाचा तीन वर्षांचा लगान माफ. हरलं तर तिप्पट. लगान म्हणजे जमिनीचा सारा. सिनेमा पावणेचार तासांचा, पण त्यात कचऱ्याच्या नावाचा एक वाफा दिसत नाही. गाव जिंकलं तर कचऱ्याला मिळणार शून्य. आणि हरलं असतं तर? तिप्पट सारा भरून रिकामं झालेलं गाव पहिला तुकडा कुणाचा तोडतं, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. म्हणजे धोका सगळा वाटून, नफा मात्र सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना.

चंपानेर काही आपल्याकडचं नव्हे. पण आपल्याकडचं गाव घ्या. सारा भरायच्या दिवसांत कुणब्यांना चावडीवर बोलावून आणणारा महार. वसुलाची थैली तालुक्याला पोचवणारा महार. साहेबाच्या घोड्यापुढं पळणारा महार. त्याच्या बदल्यात शिळं बलुतं आणि वतनाचा चिंधीएवढा तुकडा, ज्याच्यापायी सगळं घरदार सरकारचं आणि गावाचं बांधलेलं. बाबासाहेब या वतनाविरुद्ध १९२० च्या दशकापासून भांडले, कायदा झाला तो १९५८ साली. लगान आपल्या डोक्यावरून गेला, पदरात कधी पडला नाही. आप्पांच्या चुलत्यानं तराळकी केलेली. म्हणून त्यांना तो सवाल सुचला. ज्यांच्या आज्यानं चावडीत बसून पावत्या फाडल्या, त्यांना कसा सुचणार?

आणि तो शेवटचा चेंडू. स्ट्राइकवर कचरा. अख्खं चंपानेर श्वास धरून. कचरा एक धाव काढतो, गोरे नाचायला लागतात, तेवढ्यात पंच नो-बॉल देतो, आणि आता समोर भुवन. भुवनचा छक्का. गावाच्या इतिहासात छक्का राहिला. कचऱ्याची एक धाव कुणाला आठवते? ती धाव नसती तर भुवन दुसऱ्या टोकाला उभाच राहिला असता. आपल्या बापजाद्यांनी काढलेल्या धावा अशाच आहेत. दुसऱ्याला स्ट्राइक देण्यापुरत्या.

आता त्या हाताचं. या सिनेमाची रचना हुशार आहे, ते मी नाकारत नाही. भुऱ्या कोंबड्या पकडतो म्हणून त्याला झेल येतात. गोली गोफण फिरवतो म्हणून त्याला फेक येते. अर्जन लोहार, त्याच्या फटक्यात घणाचा जोर. ज्याचा जो धंदा, त्यातून त्याची कला. मार्क्सवाल्यांनी टाळ्या पिटाव्यात असं आहे. मग कचऱ्याच्या धंद्यानं कचऱ्याला काय दिलं? काही नाही. त्याची फिरकी त्याच्या कामातून येत नाही, सरावातून येत नाही, डोक्यातून तर नाहीच. हात वाकडा म्हणून चेंडू वाकडा. सगळ्या गावाकडे हुनर, आमच्याकडे व्यंग! भुवन रामाचे दाखले देऊन गावाला झापतो, कचऱ्याच्या अंगाला हात लावतो, गाव शरमतं. त्या भाषणभर कचरा गप्प उभा. आपल्या बाजूनं बोलायलाही आपल्याला दुसऱ्याचंच तोंड.

सिनेमाची गोष्ट १८९३ सालची. त्याच सुमारास खऱ्या पुण्यात एक खरा अस्पृश्य फिरकी टाकत होता, दोस्तांनो. बाळू पालवणकर. चांभाराचा पोरगा. गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर पिच लोटायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. डावखुरा. साहेबांनी त्याला चेंडू दिला, बॅट कधी दिली नाही. हजारो चेंडू टाकून टाकून त्या हातात फिरकी आली. मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळू चालला. मैदानात त्यानं टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातांतून फिरायचा, आणि चहाच्या वेळेला बाळू बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात या माणसानं शंभरावर बळी घेतले. तरी हिंदूंच्या टीमची कप्तानी त्याला कधी मिळाली नाही. त्याचा भाऊ विठ्ठल कप्तान झाला १९२३ साली, तोही भांडणतंट्यानंतर. (हाच बाळू १९३७ साली काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला आणि पडला. ते मी झाकून ठेवत नाही. पण त्यानं त्याची फिरकी वाकडी होत नाही.)

‘लगान’च्या शेवटी सूत्रधार हळहळतो, की भुवनचं नाव इतिहासाच्या पानांत हरवलं. अरे, जो नव्हताच तो हरवणार कसा? जो होता, त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे? वस्तीतल्या दहा पोरांना विचारा. कचरा दहाही जणांना माहीत निघेल.

मला तर चांगलाच माहीत आहे. मीही डावखुरा स्पिन टाकायचो. सोळाव्या वर्षी एका क्लबच्या नेटवर गेलो. पहिल्या दिवशी तीन जण काढले, कोचनं पाठ थोपटली, आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव कचरा. प्रेमानं हो! "ए कचरा, टाक रे एक." मी हसायचो. दीड महिना हसलो, मग जायचं बंद केलं. त्या पोरांनी शिवी शोधली नव्हती. ती त्यांना तिकिटाबरोबर मिळाली होती.

एवढं सगळं बोलून झाल्यावरही माझं म्हणणं ऐका. पाच सिनेमांत ‘लगान’ सगळ्यात बरा. कारण त्यात प्रश्न तरी आहे. गावात शिवायची भानगड आहे, हे तरी त्यात कबूल आहे. या दिग्दर्शकाला जात दिसत नाही असं अजिबात नाही. २००४ च्या ‘स्वदेस’मध्ये गावच्या सिनेमाचा पडदा मधे आणि वरच्या-खालच्या जाती दोन बाजूंना, हे त्यानंच दाखवलं. तो आजच्या काळाचा सिनेमा म्हणून बाजूला ठेवतो, पण ज्याला पडद्याची ती दुसरी बाजू सुचते, त्याचे डोळे शाबूत आहेत. मग मागच्या काळात शिरताना ते डोळे कुठं ठेवून येतो हा माणूस?

‘जोधा अकबर’. साडेतीन तास. दागिने, हत्ती, स्वयंपाकघर, नवरा-बायकोची रुसवाफुगवी, यात्रेवरचा कर माफ. अकबराच्या ‘आईन’मध्ये झाडूवाल्यांची नोंद आहे. बादशहानं त्यांना हलालखोर हे नाव रूढ केलं, म्हणजे कष्टाचं खाणारा. बादशहाला जे दिसलं, ते बादशहावर सिनेमा काढणाऱ्याला दिसलं नाही. एवढा मोठा महाल, झाडतं कोण?

‘खेलें हम जी जान से’ १९३० च्या चितगावच्या शस्त्रागारावरचा. पोरांचं फुटबॉलचं मैदान गोऱ्यांनी घेतलं, तिथून सुरुवात. सिनेमा प्रामाणिक आहे आणि कंटाळवाणा आहे. त्यावर जास्त बोलत नाही.

‘मोहेंजो दारो’त नायक मगरीशी लढतो, नरभक्षकांशी लढतो, पुन्हा एकदा शेतकऱ्यांवरच्या वाढीव कराशी लढतो आणि शेवटी वाचलेल्या लोकांना घेऊन थेट गंगेवर पोचतो. आता, मोहेंजोदारो जगात कशासाठी प्रसिद्ध आहे? झाकलेल्या गटारांसाठी. विटांनी बांधलेल्या, गाळ काढायची सोय असलेल्या. तेव्हा जात होती असं मी म्हणत नाही. पण गटार होतं, म्हणजे त्यात उतरणारा माणूस होता. आप्पांच्या खात्यातली माणसं आजही उतरतात आणि मरतात. २०१३ चा कायदा कागदावर आहे. चार हजार वर्षं मागं जाऊनही कॅमेऱ्याला त्या गटारात वाकून बघावंसं वाटलं नाही.

आणि मग ‘पानिपत’. इथं मात्र मी सोडणार नाही, कारण हे आपलं घर आहे.

२००१ साली नायक तो होता जो सारा द्यायला नकार देतो. २०१९ साली नायक तो आहे जो वसुली करतो. बघा नीट. सिनेमातल्या सदाशिवरावाकडे खजिन्याचं काम येतं, तो वह्या उघडतो, कुणाकुणाची बाकी थकलीय ते काढतो आणि तगादा लावतो. नजीबखान देत नाही, अब्दालीला बोलावतो, आणि तिथून १४ जानेवारी १७६१. लगान मागणारा कॅप्टन रसेल खलनायक आणि चौथाई मागणारा भाऊसाहेब हुतात्मा! एकाच दिग्दर्शकाचे दोन सिनेमे. फरक काय पडला? वसूल करणाऱ्याचा रंग बदलला.

आणि त्याबरोबर कचरा गायब झाला. ही माझी खरी तक्रार आहे. राज्य गोऱ्याचं असलं की पडद्यावर अस्पृश्य चालतो, कारण त्याला जवळ घ्यायला भुवन तयार असतो आणि सगळं पाप साहेबाच्या बुटाखाली झाकलं जातं. राज्य आपलं, म्हणजे त्यांचं, असलं की अस्पृश्य चालत नाही. त्याला दाखवला तर विचारावं लागेल की हा असा का? आणि उत्तर द्यायला तिथं गोरा नाही. तिथं शनिवारवाडा आहे.

त्या वाड्याच्या शहरात महारामांगाच्या गळ्यात थुंकायला मडकं आणि मागं पावलं पुसायला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’त लिहिलं. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्तानं, मांगाच्या पोरीनं, ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. पेशवाईत तालमीपुढून गेलेल्या आपल्या माणसाचं मुंडकं गुलटेकडीच्या मैदानावर कसं चेंडूसारखं टोलवलं जायचं आणि टोलवायला हातात काय असायचं, ते तिनं सांगितलंय. मैदान, चेंडू, दांडू. वाचलं तेव्हा मला थेट चंपानेरचं मैदान आठवलं. पुण्याच्या मातीत आपला माणूस आधी चेंडू होता, मग बाळूच्या रूपानं गोलंदाज झाला. एवढा मोठा इतिहास हाताशी असताना ‘मर्द मराठा’वर वाडा नाचवून मोकळे!

कुणी म्हणेल, मुक्ता लिहिते ते पानिपतानंतरचं. बरं. पानिपताआधी पुण्यात काय समतेचं राज्य होतं का? कुणी म्हणेल, लढाईत जात कुठं येते? लढाईत तर हमखास येते. खर्ड्याच्या लढाईत, १७९५ साली, शिदनाक महाराच्या तंबूवरून सरदारांनी कुरकुर केल्याचं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पानिपतावर छावणीभोवती खंदक खणला होता. कुदळ कुणाच्या हातात होती? जनावरं उपाशी मरत होती, ती ओढत कोण होतं? पखाली, खोगिरं, जोडे कुणी शिवले? सिनेमात वैद्यकी जाणणारी पार्वतीबाई आहे, इमानी इब्राहिमखान गारदी आहे, अब्दालीचा दरबार आहे. मुसलमान आहे, अफगाण आहे, आम्हीच तेवढे नाही. भीमा कोरेगावला २०१८ च्या एक जानेवारीला आमच्यावर दगड पडले, त्याला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. हवा कसली आहे, हे कळत नव्हतं असं कोण म्हणेल?

सूरजमलाचं चित्र चुकीचं रंगवलं म्हणून राजस्थानात जाट रस्त्यावर उतरले, आणि सिनेमाचा तो तुकडा कापला गेला. ‘जोधा अकबर’च्या वेळी राजपूत उतरले होते. आमच्यातले काही गरम डोक्याचे म्हणाले, आपणही बंद पाडू. काय बंद पाडणार, भावड्या? त्यांची तक्रार, आम्हाला वाईट दाखवलं. आपली तक्रार, दाखवलंच नाही. जे नाहीच ते कापायला सांगणार कसं?

तिकडं मद्रासेत पा. रंजितनंही दोन जुन्या काळाचे सिनेमे काढलेत. २०२१ चा ‘सारपट्टा परंबरै’, आणीबाणीच्या दिवसांतल्या मुष्टियोद्ध्यांचा. आणि २०२४ चा ‘तंगलान’, कोलारच्या सोन्याचा. ‘तंगलान’ गोंधळलेला आहे, मधे मधे डोकं उठवतो. पण त्याची सुरुवात बघा. आपल्यासारख्याच एका माणसाकडे जमिनीचा तुकडा आहे, आणि थकलेल्या साऱ्याच्या नावाखाली गावचा मिरासदार तो गिळतो. आप्पांना मी तेवढा भाग दाखवला. भाषा कळली नाही, तरी म्हणाले, "हां. ह्याला शेत हुतं."

चौदा एप्रिलच्या आधीच्या रविवारी आमच्या गल्लीत पुन्हा पडदा लावतोय. टीव्ही आता भाड्यानं आणायला नको, प्रोजेक्टर मित्राचा आहे. ‘लगान’ लावायचा आणि कचरा शेवटच्या चेंडूला बॅट घेऊन उभा राहिला की थांबवायचा. मग बोलायचं. पोरांना बाळूचं सांगायचं, मुक्ताचं सांगायचं. ज्याला भांडायचंय त्यानं भांडायला यावं, ज्याला नुसता सिनेमा बघायचाय त्यानंही यावं, उरलेला नंतर लावू. आप्पा रिटायर झालेत, बिडी सुटलीय, झोप मात्र अजून नऊलाच लागते. म्हणून सुरुवात संध्याकाळी पाचला.